रोमिओ-ज्युलिएटच्या मृत्यूंना जबाबदार कोण? निकाल देण्याआधी करायची कामं, क्रमवार

शेक्सपिअरचं हे नाटक शिकताना इंग्रजी साहित्याच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर बहुतेक वेळा एकाच जागी फसतं: नाव आधी ठरतं, पुरावा नंतर शोधला जातो. दोघांचं गुप्त लग्न लावणाऱ्या पाद्री लॉरेन्सवर राग असला की त्याच्या चुका भराभर सापडतात. ज्युलिएटच्या बापावर, कॅप्युलेटवर, असला की त्याच्या. कोणावरच राग नसला तर ‘सगळेच थोडेथोडे जबाबदार’ असं लिहून उत्तरपत्रिका बंद होते. ते वाचायला समंजस वाटतं, पण त्यात कोणी काय केलं हे कुठेच आलेलं नसतं.

खालचा क्रम निबंधाला चालतो, वर्गातल्या अभिरूप न्यायालयालाही चालतो. टप्पे उलटसुलट करू नका. विशेषतः तिसरा टप्पा गाळून पाचव्यावर उडी मारली की आधीची सगळी मेहनत वाया जाते.

## तयारी

एकच संहिता धरा. ओळींचे क्रमांक दिलेली मूळ इंग्रजी आवृत्ती घ्या. मराठी अनुवाद ओघ कळण्यासाठी जरूर वाचा, पण पुरावा मूळ ओळीतूनच काढा. अनुवादक काव्य सांभाळतो. तुम्हाला कोणी कोणत्या शब्दांत काय कबूल केलं ते हवं आहे. आजच्या बहुतेक आवृत्त्या १५९९च्या छापील प्रतीवर आधारलेल्या आहेत. १५९७ची प्रत आखूड आहे आणि तिच्यात शेवटी रोमिओचा नातलग बेन्व्होलिओही मेल्याचा उल्लेख येतो. मृतांचा आकडा तुमच्यापेक्षा एकाने जास्त सांगणारा कोणी भेटला तर भांडण्याआधी त्याच्या हातात कोणती प्रत आहे ते बघा.

चित्रपट बाजूला ठेवा. काही रूपांतरांत रोमिओचा जीव जाण्याआधी ज्युलिएट डोळे उघडते. नाटकात तसं होत नाही. तिला जाग येते तेव्हा तो मेलेला असतो.

स्रोतकाव्य मिसळू नका. आर्थर ब्रुकच्या १५६२च्या इंग्रजी काव्यात ज्युलिएटच्या दाईला हद्दपारी आणि विष विकणाऱ्याला फाशी होते. नाटकात व्हेरोना शहराचा सत्ताधीश प्रिन्स फक्त एवढंच म्हणतो की काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा. कोणाला काय ते सांगत नाही. तयार नोट्समध्ये ही दोन्ही कथानकं बिनदिक्कत एकत्र केलेली सापडतात.

साहित्य: पोस्टकार्डाएवढी चाळीसेक कोरी कार्डं, दोन रंगांची पेनं, भिंतीवर लावता येईल असा एक मोठा कागद. नाटकाचे २४ प्रवेश आहेत. पहिलं वाचन सलग करा, काहीही न लिहिता. दुसऱ्या वाचनाला १.१, १.२, १.५, २.३, ३.१, ३.३, ३.४, ३.५, ४.१, ४.२, ५.१, ५.२ आणि ५.३ हे १३ प्रवेश पुरतात (पहिला आकडा अंकाचा, दुसरा प्रवेशाचा). या वेळी प्रत्येक कृतीचं एक कार्ड करा: कोणी, काय केलं, कुठे, कोणत्या ओळीत. कार्डावर विशेषणं नकोत. ‘क्रूर बाप’ हे कार्ड नव्हे; ‘गुरुवारी लग्न केलं नाहीस तर घराबाहेर काढीन, म्हणतो – ३.५’ हे कार्ड.

> तपासणी: पुस्तक मिटा आणि सांगा, ३.१ मध्ये आधी तलवार कोण उपसतं? ‘टिबाल्ट’ असं उत्तर आलं तर तो प्रवेश पुन्हा वाचा. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट रोमिओला नीच म्हणून डिवचतो, पण आधी तलवार काढतो रोमिओचा मित्र मर्क्युशिओ.

## १. मृत्यू मोजा, आणि वेगवेगळे ठेवा

प्रश्नात ‘मृत्यू’ म्हटलं की डोळ्यांसमोर दोघंच येतात. नाटकात माणसं सहा मरतात. मोठ्या कागदावर सहा रकाने आखा.

मर्क्युशिओ: ३.१, टिबाल्टच्या तलवारीने.
टिबाल्ट: ३.१, रोमिओच्या तलवारीने.
माँटेग्यूची बायको (रोमिओची आई): रंगमंचाबाहेर. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने ती त्याच रात्री गेली, असं तिचा नवरा ५.३ मध्ये सांगतो.
पॅरिस (ज्युलिएटशी लग्न करू पाहणारा): ५.३, रोमिओच्या हातून.
रोमिओ: ५.३, विष पिऊन.
ज्युलिएट: ५.३, रोमिओच्या खंजिराने.

रकाने भरताना पहिला धक्का इथेच बसतो. या सहा जणांपैकी दोघांना खुद्द रोमिओने मारलंय. नायक असल्यामुळे तो आपल्या मनात कायम मृतांच्याच बाकावर बसलेला असतो. आरोपींच्या बाकावर त्याला कोणी बोलावत नाही. पॅरिसचा रकाना रिकामा असलेला निबंध आला तर तो इथेच परत करावा.

प्रत्येक रकान्यासाठी जबाबदारी स्वतंत्रपणे ठरवायची आहे. सहांचा मिळून एकच गुन्हेगार शोधत बसलं की मर्क्युशिओच्या मृत्यूचं खापरही लॉरेन्सवर फुटतं, आणि तो बिचारा त्या वेळी तिथे जवळपासही नसतो.

## २. वार लावा

नाटकात घाई एवढी आहे की वार लावल्याशिवाय ती दिसत नाही. सुरुवात कुठून करायची? ३.४ मध्ये कॅप्युलेट ‘आज वार कोणता?’ विचारतो आणि पॅरिस ‘सोमवार’ म्हणतो. ही तुमची खुंटी. तिथून मागे आणि पुढे मोजत जा.

रविवार. सकाळी कॅप्युलेट आणि माँटेग्यू या दोन वैरी घराण्यांत रस्त्यावर मारामारी. प्रिन्स बजावतो की पुन्हा शांतता मोडली तर जिवानिशी जाल. रात्री कॅप्युलेटकडे मेजवानी, तिथे दोघांची भेट; मग बागेतली रात्र.

सोमवार. पहाटे रोमिओ लॉरेन्सकडे. दुपारी लग्न. लग्नाला तासभर होतो न होतो तोच ३.१ चा प्रसंग: मर्क्युशिओ आणि टिबाल्ट दोघंही ठार, रोमिओला हद्दपारी. रात्री उशिरा कॅप्युलेट पॅरिसला शब्द देतो: बुधवार फार लवकर होईल, गुरुवारी लग्न.

मंगळवार. पहाटे हद्दपार रोमिओ मँच्युआ या दुसऱ्या शहराला निघतो. सकाळी ज्युलिएटला गुरुवारची बातमी कळते, ती नकार देते, बाप भडकतो. ती लॉरेन्सकडे जाते. लॉरेन्स तिला उद्या म्हणजे बुधवारी रात्री मेल्यासारखी झोप आणणारं औषध घ्यायला सांगतो. ती घरी येऊन बापाची क्षमा मागते आणि बाप खूश होऊन लग्न बुधवारवर आणतो. त्यामुळे ती औषध मंगळवारी रात्रीच घेते.

बुधवार. सकाळी ती ‘मेलेली’ सापडते.

गुरुवार रात्र ते शुक्रवार पहाट. थडग्यातला शेवट.

इथे दोन जागी लोक घसरतात.

पहिली जागा म्हणजे मंगळवार संध्याकाळ, प्रवेश ४.२. तो छोटा आहे म्हणून वगळला जातो. पण लॉरेन्सच्या हातचा अख्खा एक दिवस तिथेच जातो. या बेताचा निरोप रोमिओला मँच्युआला पोचवायला होता तेवढाच वेळ होता, त्यातला एक दिवस बापाच्या आनंदात खर्च झाला. यात कॅप्युलेटचा दुष्टपणा काडीचा नाही. मुलगी शहाणी झाली, असं त्याला वाटलं, बस्स. तारीख बदलणं ही कृती आहे, कार्ड करायलाच हवं. पण ती कोणत्या हेतूने झाली हेही त्याच कार्डावर लिहा.

दुसरी जागा ४२ तासांची. लॉरेन्स म्हणतो की औषधाचा अंमल ४२ तास राहील. मंगळवारी मध्यरात्रीपासून मोजलं तर ज्युलिएट गुरुवारी संध्याकाळी जागी व्हायला हवी; नाटकात ती त्या रात्री बऱ्याच उशिरा उठते. हिशोब नीट जुळत नाही. तो जुळवण्यात वर्गाचा तास घालवू नका आणि ‘लॉरेन्सने औषधाचं प्रमाण चुकवलं’ असा आरोप तर अजिबात रचू नका. तसं म्हणायला संहितेत आधार नाही.

> तपासणी: पहिल्या भेटीपासून लग्नापर्यंत किती वेळ गेला? चोवीस तासही नाहीत. तुमच्या कागदावर त्याहून जास्त दिसत असेल तर वार चुकलेत.

## ३. कोणाला, केव्हा, काय माहीत होतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं, पात्रांना नसतं. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींवरून पात्राला दोषी धरणं ही या विषयातली सर्वात मोठी चूक, आणि चांगले विद्यार्थीही ती करतात.

प्रत्येक पात्राच्या नावाने एक कार्ड घ्या. एका रंगाने ‘माहीत होतं’, दुसऱ्या रंगाने ‘माहीत नव्हतं’.

लग्नाची गोष्ट दोघं, लॉरेन्स आणि दाई यांना माहीत. रोमिओच्या नोकराला, बाल्थसारला, प्रेमाची कल्पना आहे, लग्नाची किती आहे हे संहिता स्पष्ट करत नाही, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. दोघांच्याही आईबापांना, प्रिन्सला, पॅरिसला, टिबाल्टला आणि बेन्व्होलिओला काहीच माहीत नाही.

मर्क्युशिओला तर ज्युलिएट नावाची मुलगी आहे हेही ठाऊक नाही. त्याच्या लेखी रोमिओ अजून ज्युलिएटआधीच्या प्रेमासाठी, रोझालिनसाठीच झुरतोय. हे कार्डावर लिहिलंत की ३.१ चा अर्थच बदलतो. रोमिओ टिबाल्टचा अपमान गिळतो, कारण टिबाल्ट आता त्याच्या बायकोचा मामेभाऊ आहे. मर्क्युशिओला मात्र दिसतो तो शेपूट घालणारा मित्र. तो उसळतो तो या अज्ञानामुळे. मग पुढचा प्रश्न विचारा: हे अज्ञान कोणी ठेवलं? लग्न गुप्त ठेवणाऱ्यांनी. जबाबदारीचा धागा असा हाताला लागतो. ‘मर्क्युशिओ भडक माथ्याचा होता’ एवढं लिहिल्याने लागत नाही.

कॅप्युलेटचं कार्डही असंच करा. मुलीचं लग्न झालेलं आहे हे त्याला माहीत नाही. म्हणजे ‘विवाहित मुलीवर दुसरं लग्न लादलं’ हा आरोप टिकत नाही. टिकतो तो वेगळाच. १.२ मध्ये हाच माणूस पॅरिसला दोन उन्हाळे थांबायला आणि आधी मुलीचं मन जिंकायला सांगतो, ३.४ मध्ये तिला न विचारता तीन दिवसांवरची तारीख देऊन मोकळा होतो. ज्युलिएटचं वय तेव्हा चौदाही नाही, पंधरवड्याहून थोडे जास्त दिवस कमी आहेत. मुलीची संमती लागते हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतःच तसं सांगितलं होतं. आरोप यावर उभा करा.

औषधाची गोष्ट फक्त ज्युलिएट आणि लॉरेन्सला माहीत. दाईलासुद्धा नाही. पत्र घेऊन जाणाऱ्या पाद्री जॉनलाही आत काय आहे याची कल्पना नव्हती. ते पत्र किती महत्त्वाचं होतं हे लॉरेन्स त्याला ५.२ मध्ये, पत्र परत आल्यावर सांगतो. म्हणून जॉनला दोष देताना सांभाळून. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या दुसऱ्या एका पाद्र्याला सोबतीला शोधायला तो गेला, त्या घरात साथ असल्याच्या संशयावरून शहरातल्या तपासनिसांनी दार बंद करून शिक्का मारला. पत्र परत पाठवायलाही माणूस मिळेना, एवढी संसर्गाची भीती. हातातल्या कागदावर दोन जीव अवलंबून आहेत हे माहीत असतं तर तो वाट वाकडी करून सोबती शोधायला गेला असता का?

> सावधान: बेन्व्होलिओची साक्ष जशीच्या तशी घेऊ नका. ३.१ च्या शेवटी तो प्रिन्सला भांडणाची हकीकत सांगतो, त्यात टिबाल्टच आधी चालून आल्यासारखं वाटतं. ज्युलिएटची आई तिथल्या तिथे म्हणते की हा माँटेग्यूंचा नातेवाईक, खोटं बोलतोय. तिचा आरोप पूर्ण खरा नाही, पण शंका रास्त आहे. जे प्रत्यक्ष घडलं आणि जे नंतर सांगितलं गेलं, त्यांची कार्डं वेगळी ठेवा.

## ४. ‘हे झालं नसतं तर?’

आता प्रत्येक कृतीचं कार्ड उचला आणि विचारा: ही कृती काढून टाकली तर हा मृत्यू टळतो का? टळत असेल तर कार्ड त्या मृत्यूच्या रकान्यात चिकटवा. एक कार्ड दोन रकान्यांत गेलं तर नक्कल करा.

पंधरा-वीस मिनिटांत रकाने भरून वाहू लागतील. मेजवानीच्या यादीतली नावं वाचता न येणारा नोकर रस्त्यात नेमका रोमिओलाच यादी वाचायला सांगतो; तो साक्षर असता तर रोमिओ मेजवानीला गेलाच नसता. म्हणजे नोकर जबाबदार? रोझालिन रोमिओला भाव देत नाही म्हणून तो तिथे जातो. म्हणजे रोझालिन? ती तर रंगमंचावर एकदाही बोलत नाही.

ही चाचणी कारणं शोधते, दोष नाही. बहुतेक निबंध इथेच थांबतात आणि दहा जणांची यादी देऊन ‘अशा प्रकारे सर्वच जबाबदार’ म्हणतात. थांबू नका. भरलेले रकाने हा कच्चा माल आहे.

## ५. चाळणी लावा

रकान्यातल्या प्रत्येक कार्डाला चार प्रश्न विचारा. कृती त्याने स्वतः केली का? नुकसानाची कल्पना त्याला त्या वेळी येऊ शकत होती का? दुसरा मार्ग खरोखर मोकळा होता का? आणि ते रोखणं हे त्याचं कामच होतं का: बाप म्हणून, धर्मगुरू म्हणून, शहराचा सत्ताधीश म्हणून? एकाही प्रश्नाला ‘हो’ मिळालं नाही तर कार्ड काढा. फक्त पहिल्याला मिळालं तर ते कारण म्हणून राहू द्या, दोष म्हणून नाही. नोकर आणि रोझालिन इथे सुटतात.

उरलेल्या कार्डांवर दोषाचा प्रकार लिहा: प्रत्यक्ष कृती, चिथावणी, निष्काळजीपणा किंवा कर्तव्यात कसूर. आता महत्त्वाची नावं चाळून पाहू.

लॉरेन्स. त्याच्यावरचा नेहमीचा आरोप म्हणजे गुप्त लग्न लावलं. हा तितका भक्कम नाही. या सोयरिकीने दोन्ही घरांतलं वैर मिटेल असा त्याचा हेतू २.३ मध्ये नोंदलेला आहे. मात्र त्याच प्रवेशात तो रोमिओला सावकाश जाण्याचा उपदेश करतो आणि त्याच दुपारी लग्न लावतो. हे कार्ड ठेवा.

त्याच्याविरुद्धचा खरा पुरावा निरोपाच्या व्यवस्थेत आहे आणि तो फार थोडे जण शोधतात. ३.३ मध्ये लॉरेन्स रोमिओला सांगतो की तुझ्याच माणसाकरवी वेळोवेळी खबर पाठवीन. ४.१ मध्ये बेत बदलतो: पत्र एका पाद्र्याकडून जाणार. रोमिओचा माणूस बाल्थसार, त्याला कोणी काही सांगत नाही. तो ज्युलिएटची अंत्ययात्रा बघतो आणि प्रामाणिकपणे घोड्यावरून मँच्युआला धाव घेतो. रोमिओ त्याला पहिल्या झटक्यात विचारतो की पाद्र्याकडून पत्र आणलंस का. म्हणजे तो याच वाटेने येणाऱ्या निरोपाची वाट पाहत होता. एवढा जिवावरचा बेत, निरोप्या एकच, पर्यायी वाट नाही, आणि ठरलेली वाट न सांगता बंद केलेली. साथ हा योगायोग. एकाच माणसावर भिस्त ठेवणं हा निष्काळजीपणा.

दुसरं कार्ड थडग्यातलं. ज्युलिएट जागी झालीय, शेजारी नवऱ्याचं प्रेत आहे, आणि पहारेकऱ्यांची चाहूल लागताच लॉरेन्स ‘आता थांबायची हिंमत नाही’ म्हणून निघून जातो. धर्मगुरू, तिचं गुपित जाणणारा आता एकटाच माणूस, मोकळा मार्ग: थांबणं. चारही प्रश्नांना ‘हो’. ज्युलिएटच्या रकान्यात याहून जड कार्ड नाही.

त्याच्या बाजूने: शेवटी तो चाळीसेक ओळींत सगळं कबूल करतो आणि चूक ठरली तर माझा जीव घ्या म्हणतो. रोमिओने बापाला लिहिलेलं पत्र वाचून प्रिन्स त्याच्या जबानीला दुजोरा देतो. हे शिक्षा कमी करायला उपयोगी आहे, दोष नाहीसा करायला नाही.

रोमिओ. टिबाल्टच्या रकान्यात प्रत्यक्ष कृती. मित्र नुकताच गेलाय, टिबाल्ट आपणहून परत आलाय, हे सौम्य करणारं. पण मृत्युदंडाची ताकीद शहरभर झालेली आहे. मर्क्युशिओच्या रकान्यात तो मध्ये पडतो आणि त्याच्या हाताखालून वार लागतो: कारण आहे, दोष फारसा नाही, भांडण थांबवायलाच तो गेला होता. पॅरिसच्या रकान्यात प्रत्यक्ष कृती, जरी तो आधी पॅरिसला परत जायची विनवणी करतो. स्वतःच्या रकान्यात एक कार्ड हमखास राहून जातं: ज्युलिएटच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे हे तो बघतो, बोलूनही दाखवतो, आणि तरी थांबत नाही.

कॅप्युलेट. सोमवार रात्रीचा शब्द आणि मंगळवार सकाळच्या धमक्या. टिबाल्टच्या मृत्यूनंतरही परिस्थिती हातची गेली नव्हती. रोमिओ मँच्युआत राहील, योग्य वेळी लग्न जाहीर करू, प्रिन्सकडे माफी मागू, असा लॉरेन्सचा बेत ३.३ मध्ये आहे आणि तो वेडगळ नाही. त्याला लागत होता वेळ. तो वेळ कॅप्युलेटने संपवला. आमच्या मते सगळ्या नाटकाचं वळण ३.१ मध्ये नसून ३.४ मध्ये आहे, त्या पस्तीसेक ओळींच्या निवांत गप्पांत, जिथे तलवार कोणाच्याच हातात नाही.

त्याच्या बाजूचं कार्डही ठेवा: मेजवानीत टिबाल्ट रोमिओला ओळखतो, मारायला उठतो, तेव्हा त्याला दटावून बसवणारा कॅप्युलेटच.

दाई. ३.५ मध्ये पॅरिसशी लग्न कर असा सल्ला. तिला पहिलं लग्न माहीत आहे, म्हणून हा सल्ला कॅप्युलेटच्या हुकुमाहून वेगळा मोजायचा. त्याचा परिणाम: घरातलं शेवटचं माणूस तुटलं आणि ज्युलिएट औषधाच्या बेतात एकटी पडली.

प्रिन्स. आधी तीन दंगे झाल्याचं तो स्वतःच सांगतो. शेवटी मान्य करतो की तुमच्या भांडणांकडे डोळेझाक केली म्हणून मीही दोन आप्त गमावले. मर्क्युशिओ आणि पॅरिस त्याच्या नात्यातले. कर्तव्यात कसूर, तीही कबुलीसकट.

विष विकणारा. मँच्युआत विष विकण्याला मृत्युदंड आहे. तो ४० डुकॅट घेतो आणि म्हणतो की माझी गरिबी कबूल होतेय, मन नाही. थोडक्यात आटपा, त्याच्यावर पानभर लिहिणं म्हणजे मोठे मासे सोडून देणं.

वैर. ‘खरा गुन्हेगार म्हणजे दोन घराण्यांतलं वैर’ हे वाक्य लिहायचंच असेल तर पुढे लगेच लिहा: वैर म्हणजे कोण? भांडण कशावरून सुरू झालं हे नाटक कुठेच सांगत नाही. म्हणून अमूर्त वैराला दोषी ठरवता येत नाही. वैर चालू ठेवणारी कृती दाखवावी लागते. १.१ मध्ये दोन्ही म्हातारे तलवारीकडे झेपावतात आणि त्यांच्या बायका त्यांना अडवतात, ही अशी कृती. आणि ज्युलिएटच्या आईचा ३.५ मधला बेत, मँच्युआत माणूस धाडून रोमिओला विष घालण्याचा, हीही.

> सावधान: आपल्याकडच्या कायद्याची कलमं इथे लावू नका. अभिरूप न्यायालयात ‘आत्महत्येस प्रवृत्त करणं, कलम ३०६’ (आता भारतीय न्याय संहितेचं १०८) हमखास उच्चारलं जातं आणि टाळ्याही मिळतात. पण मग वाद कलमाच्या शब्दांवर घसरतो आणि संहिता कोपऱ्यात पडून राहते. कायदा हवाच असेल तर नाटकातला वापरा: व्हेरोनात प्रिन्सची ताकीद, मँच्युआत विषविक्रीची बंदी.

## ६. दैवाला त्याच्या जागी बसवा

प्रस्तावनेच्या १४ ओळींतच या दोघांचे ग्रह वाईट असल्याचं सांगितलंय; रोमिओ स्वतःला दैवाच्या हातचं खेळणं म्हणतो. म्हणून दैव पूर्ण झटकून टाकता येत नाही. पण त्याला शेवटी, चाळणी लावून झाल्यावरच बोलवा. आधी बोलावलंत तर ते सगळी खुर्ची अडवून बसतं.

पद्धत सोपी आहे. ज्या कार्डांवर कोणाचीही निवड नाही तीच दैवाच्या खात्यात: यादीवाला नोकर नेमका रोमिओला भेटणं, जॉन असलेल्या घराला शिक्का लागणं, ज्युलिएटला काही क्षण उशिरा जाग येणं. बाकी कार्डं तिथे सरकवायची नाहीत. रोमिओ ‘दैवाचं खेळणं’ म्हणतो ते टिबाल्टला मारल्यानंतर लगेच, आपल्याच हातातली तलवार रक्ताने माखलेली असताना. आरोपीने दैवाकडे बोट दाखवलं म्हणून न्यायाधीशाने तिकडे बघायचं नसतं.

## ७. निकाल लिहा

आता रकाने चिकटवलेला कागद समोर ठेवून लिहायला बसा. हजार ते बाराशे शब्दांच्या उत्तरात सहाही मृत्यू समान लांबीने मांडत बसू नका. मर्क्युशिओ, टिबाल्ट, पॅरिस आणि माँटेग्यूची बायको मिळून तिसरा हिस्सा, उरलेलं रोमिओ आणि ज्युलिएटला.

पहिल्याच परिच्छेदात निकाल द्या. नाव, कृती आणि दोषाचा प्रकार एका वाक्यात यायला हवा. उदाहरणार्थ: ‘ज्युलिएटच्या मृत्यूत सर्वात मोठा दोष लॉरेन्सचा, तिला थडग्यात एकटं सोडल्याबद्दल, पण तिला त्या थडग्यापर्यंत नेणारी घाई कॅप्युलेटची.’ मग पुरावा. मग तुमच्या निकालाविरुद्धचं सर्वात जड कार्ड, आणि ते असूनही निकाल का टिकतो ते.

टक्केवारी देऊ नका. ‘लॉरेन्स ४० टक्के, कॅप्युलेट ३० टक्के’ हे अचूक दिसतं, पण ४०च का, ३५ का नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. त्याऐवजी तुलना लिहा: कोणाचा दोष कोणापेक्षा जास्त, आणि कोणत्या कार्डामुळे.

शाळेच्या वर्गात आणखी एक काळजी. दोघांचा शेवट ‘खऱ्या प्रेमाचा पुरावा’ म्हणून लिहिला जातो. निकालपत्रात ते वाक्य येऊ देऊ नका. ते चुकीचंही आहे: दोघांनाही जगायचं होतं, मँच्युआला निघून जायचा बेत त्यासाठीच तर होता.

> तपासणी: निकालातली सगळी विशेषणं खोडा. उरलेला मजकूर अजूनही आरोप सिद्ध करतो का? नसेल करत तर पुरावा कमी आहे, विशेषणं वाढवून भागणार नाही.

## अभिरूप न्यायालय करायचं असेल तर

आरोपी तीनच ठेवा. लॉरेन्स, कॅप्युलेट आणि रोमिओ. जास्त घेतले की कोणाचीही उलटतपासणी पुरी होत नाही. तिसऱ्या टप्प्यातलं ‘माहीत होतं / नव्हतं’ हे कार्ड प्रत्येक पात्राच्या हातात द्या आणि नियम करा: कार्डावर नसलेलं पात्राला माहीत नाही. नाहीतर कॅप्युलेट झालेला मुलगा पिंजऱ्यात उभा राहून औषधाच्या बेतावर भाषण ठोकतो. फिर्यादी पक्ष आणि बचाव पक्ष यांना प्रत्येक आरोपीमागे आठ-आठ मिनिटं, साक्षीदारांना चार. बाल्थसारला साक्षीला नक्की बोलवा. निरोपाचा सगळा घोळ त्याच्याच तोंडून उलगडतो, आणि बचाव पक्षाला तो नेहमी विसरायला होतो.

प्रिन्सची भूमिका वर्गातल्या सगळ्यात रुबाबदार आवाजाच्या मुलाला देऊन त्यालाच न्यायाधीश करण्याचा मोह होतो. नाटकात निवाडा तोच करतो, हे खरं. पण डोळेझाक केल्याची कबुलीही त्याचीच आहे. त्याला साक्षीदारांच्या रांगेत बसवा आणि न्यायाधीशाची खुर्ची व्हेरोनाबाहेरच्या कोणालातरी द्या.